पाठीवरची माती

आमच्या घरात कुस्तीचा निकाल कोणी तोंडाने विचारत नसे. दादा फडातून आला की सरळ न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसायचा. मी पाण्याचं घंगाळ घेऊन मागोमाग जायचे आणि पाणी ओतायच्या आधी त्याची पाठ बघायचे. माती पैलवानाच्या अंगभर असते, तिला काही अर्थ नसतो. पण जो चीत होतो त्याच्या पाठीच्या दोन्ही फऱ्यांवर, खांद्यांच्या चपट्या हाडांवर, ती घामाने दाबून बसलेली असते आणि हाताने चोळल्याशिवाय निघत नाही. तशी माती नसली की मी आत मान वळवून नुसतं "माय" म्हणून हाक मारायचे, की माय चुलीवरून दुधाचा मोठा पितळी गिलास उतरवायची. माती असली तरी ती गिलास उतरवायचीच, फक्त मी हाक मारत नसे.

कामरगावच्या शिवेला लागून आमचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातच घर. पहाटे डोळे उघडायचे ते मोटेच्या चाकाच्या कुरकुरीने. बाबा बैलांशी बोलत मोट हाकायचे, माय वाफ्यात पाणी वळवायची, आणि गोठ्यापलीकडे दादाच्या बैठका चालू असायच्या. त्याचा श्वास हुं हुं असा एका लयीत यायचा. त्या लयीवर मी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे. आज मला ऐकू कमी येतं, पण त्या तीन आवाजांतला कोणता आधी सुरू व्हायचा ते अजून सांगू शकते.

म्हैस एक होती आणि तिचं दूध पिणारा एक. बाकीच्यांना ताक. मी दादाहून दहा वर्षांनी लहान, म्हणजे खरं तर दूध प्यायच्या वयाची मीच होते. पण तसं म्हणायची सोय नव्हती. रोज त्याच्यासाठी बदाम, खसखस आणि मिरे पाट्यावर वाटायचं काम माझं. वाटताना बोट चाटलं तर मायचा धपाटा. "पैलवानाच्या तोंडचं खातं व?" असं ती म्हणायची. मी गुमान वाटायचे, पण माझ्या मनात जळफळाट असायचा. लोक आपल्या आठवणी लिहितात तेव्हा लहानपणीचे सगळे त्याग हसतमुखाने केलेले असतात. माझे तसे नव्हते. त्या म्हशीचा मला राग होता, गिलासाचा राग होता, आणि दादा ओठावरची साय पुसत माझ्याकडे बघून हसला की त्याचाही राग यायचा. आणि तरी पाठ कोरी दिसली की सगळ्यात आधी ओरडायचे मीच.

दादाचं नाव पुंजाजी. गावात तो पुंजा पैलवान. त्याचे वस्ताद कासम पिंजारी. मारोतीच्या देवळामागच्या लिंबाखाली त्यांचा आखाडा होता. दिवसभर ते लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या पिंजणीच्या तारेचा टंव टंव आवाज बाजारापर्यंत यायचा. अंगाने काडीसारखे. गुडघे जुन्या कुस्त्यांनी गेलेले, त्यामुळे खाली बसताना जमिनीवर हात टेकून बसत. त्यांच्याकडे एक रीत होती. फडात उतरलं की पठ्ठ्याने आधी मोठ्याने सांगायचं, मी अमक्या वस्तादाचा. मग शड्डू. वस्ताद म्हणत, "माहं नाव घेऊन पड, काही हरकत नाही. समोरचा भारी असन तर पडशीनच. पन जीव लावून पडजो. मुद्दाम पडाचं असन तर माहं नाव घेऊ नोको." मुद्दाम कोण पडेल, असं आम्हाला वाटायचं. आमच्या डोक्यात ती गोष्ट येतच नव्हती.

मग तो टोपीवाला आला. त्याचं नाव मी सांगणार नाही. घरी आम्ही त्याला टोपीवालाच म्हणत असू, कारण साहेबासारखी खाकी टोपी तो जेवतानाही काढत नसे. कलकत्त्याकडून जहाजाने पैलवान नेऊन पिनांग, सिंगापूर, जावा अशा मुलुखांत तिकीट लावून कुस्त्या करायचा त्याचा धंदा होता. कारंज्याच्या फडात त्याने दादाला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी भाड्याची बैलांची दमणी करून आमच्या मळ्यात हजर. मायने वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर वाढली. माणूस वाईट नव्हता, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी भाकर संपवली, मायच्या हाताची तारीफ केली, आणि बाबांना म्हणाला, "दोन साल. पोरगा दुनिया पाहीन, दुनिया पोराले पाहीन." बाबा खालीच बघत होते. दादा म्हणाला, "येतो. पन एक अट हाये. दर कुस्तीच्या आधी माह्या उस्तादाचं नाव पुकारलं पायजे. कासम वस्ताद, कामरगाव." टोपीवाला हसला आणि म्हणाला, "बस? एवढंच?" दुसरा कोणी असता तर खुराकाची अट घातली असती, घरी परत यायच्या भाड्याची घातली असती. आमच्या दादाला हेच सुचलं.

मूर्तिजापूरच्या स्टेशनापर्यंत अर्धं गाव गेलं. मायने उन्हात वाळवलेल्या खारोड्यांचं गाठोडं बांधून दिलं होतं. दोन वर्षं त्याच्या वाट्याचं दूध उरलं, पण मला मिळालं नाही; बाबा ते कारंज्याला घालू लागले. गोठ्यापलीकडचा श्वास बंद झाल्यामुळे मोटेचा आवाज मात्र मोठा वाटायचा.

अधूनमधून कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र यायचं. एकदा पत्राबरोबर एक मोठा रंगीत कागद आला. त्यावर दादा होता. डोक्यावर पिसाचा फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा, पायाखाली वाघाचं कातडं. मास्तरांनी वाचून सांगितलं की कुठल्याशा संस्थानचा राजपुत्र असं लिहिलं आहे. गाव लोटपोट हसलं आणि फुगलंही. बाबांनी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून तो कागद ओसरीच्या भिंतीला डकवला. येणारा जाणारा आधी त्या कागदाशी थांबायचा. माझं स्थळ मेडशीहून चालून आलं ते त्या कागदामुळेच. चांगलं बागायती घर होतं, मुलगा शिकलेला होता. सिंगापूरच्या पैलवानाची बहीण म्हटल्यावर त्यांनी माझा काळा रंगही मनावर घेतला नाही. पैलवान आला की सुपारी फोडायची, असं ठरलं. मी रोज त्या मुलाचं तोंड कसं असेल याचा विचार करत जुड्या बांधायचे.

दादा आला तो आषाढ संपता संपता. खांदे रुंद झालेले, केस कापलेले, पायांत घोट्यापर्यंत नाडी बांधायचे बूट. मला कागदाची रंगीत छत्री आणली होती. मायने त्याला ओवाळलं, लोक जमले, बाबांनी बूट काढायला लावून ते खुंटीला टांगले. मी घंगाळ भरलं आणि न्हाणीकडे निघाले. दादा कुडतं घालूनच दगडावर बसला होता. म्हणाला, "ठेव तठीच. मी घेतो." मी म्हटलं, "पाठ?" तर म्हणाला, "तिकडं सवय झाली आपल्या हातानं कराची." त्या दिवशी मला वाटलं, साहेब झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. कुडतं ओलं करून आंघोळ करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला आहे. आखाड्याकडे तो फिरकला नाही. वस्तादांना घरी जाऊन भेटला, पायाला हात लावला, आणि पान खाऊन परत आला. माय म्हणायची, थकला असन.

त्यात नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्या आखाड्याची माती नवी होते. शेताच्या बांधावरची माती चाळून तिच्यात तेल, ताक आणि हळद मिसळतात, आणि पहिली ओंजळ गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या पैलवानाने टाकायची. ती पडल्याशिवाय कोणी मातीला पाय लावत नाही. यंदा कोण टाकणार हा प्रश्नच नव्हता. मेडशीची मंडळीही त्या दिवशी येणार होती. आधी कुस्त्या बघायच्या, मग सुपारी.

सणाच्या दोन दिवस आधी मी विहिरीजवळ मेथी निवडत बसले होते. दादा येऊन समोर बसला आणि जुड्या बांधू लागला. बोटं चुकत होती. मग त्याने खाली बघतच सांगायला सुरुवात केली.

"तिकडं माती नसते, गोदे. फळ्या असतात, फळ्यावर कापड, अन् भोवती दोर. पडलं की ढोलावानी वाजते. पहिल्याच दिवशी एका गोऱ्यानं मले उचललं अन् पाठ टेकवली. म्या उठलो, त्याले रामराम केला, अन् खाली उतरलो. हारलो ना मी! तर लोक बोंबलून राह्यले, संत्र्याची सालं फेकून राह्यले. टोपीवाला धावत आला. म्हने, पाठ टेकली म्हनजे हारला नाही, पंचानं तीन मोजस्तोवर दाबून ठेवलं तर हारला. म्या म्हटलं, टेकली ते टेकली. तीन कायले मोजाचे?"

मला हसू आलं. तोही थोडा हसला.

"मंग शिकलो ते. जितलो बी. पन पुढं टोपीवाला रोज सकाळी चहाच्या येळी एक कागद लावे. आज कोन जितन, कोन पडन. मले वाचता येत नाही. एक पंजाबी गडी वाचून सांगे, पुंजा, आज तू गिरेगा. मंग मी पडो. तीन मोजेपर्यंत पडून राहो."

"त्यानं मारलं का तुले? उपाशी ठेवलं?"

"नाही व. अंडी दे, दूध दे. आजारी पडलो तं रातभर बसला उशाशी. म्हने, नाटकात मरनारा खरोखर मरते का? बाकीचे गडी हसून पडत. त्यायले काही नाही वाटे." त्याने जुडी खाली ठेवली. "त्यायच्या उस्तादाचं नाव कोनी पुकारत नव्हतं ना. माह्या उस्तादाचं दरवेळी पुकारे. म्याच अट घातली होती. कासम वस्ताद, कामरगाव. अन् मंग मी पडो. म्या म्हटलं बी, आता नोको पुकारू. तर म्हने, लोकायले आवडते, पोस्टरावर छापलं हाये."

मोट वर आली, पाणी दगडी थाळण्यात पडलं, बाबांनी बैल मागे वळवले. मी ते सगळं ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती.

"मी पहिली ओंजळ नाही टाकू शकत," दादा म्हणाला. "मी उस्तादाले सांगतो. सगळ्यायसमोर सांगा लागन, ओंजळ सगळ्यायसमोर हाये."

मी म्हटलं, "अन् माहं लगन?"

त्याने खाली ठेवलेली जुडी पुन्हा उचलली.

तेव्हा मी जे बोलले ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हटलं, "बारा वर्षं माह्या वाट्याचं दूध पेला तू. मले एक घोट नाही भेटला. आता माहं लगन बी तूच खातं का? गुमान ओंजळ टाक. माहं झाल्यावर काय सांगाचं ते सांगजो." आणि मेथीची टोपली उचलून मी घरात निघून गेले. मागून त्याचा आवाज आला, "बरं." एवढंच.

आता माझी नात टीव्हीवर परदेशातल्या कुस्त्या बघते. दोरांवरून उड्या मारणारे, तोंडं रंगवलेले ते धिप्पाड गडी. मी एकदा काळजीने म्हटलं, अगं लागत असेल बिचाऱ्याला. ती म्हणाली, "आजी, सगळं आधीच ठरलेलं असतं, सगळ्यांना माहीत आहे." आणि पुन्हा मजेत बघू लागली. मी बराच वेळ विचार करत बसले. तिकडच्या लोकांना तेव्हाही माहीत असेल का? ते तिकीट काढून नाटकच बघत असतील, आणि एक आमचाच खुळा त्याला कुस्ती समजून जळत बसला असेल? असेलही. टोपीवाल्याचं म्हणणं मला आज तितकं खोटं वाटत नाही. पण दादाला ते पटलं असतं तर तो दादा राहिला नसता, हेही तितकंच खरं.

नागपंचमीच्या सकाळी घरात तवा ठेवायचा नव्हता, विळी धरायची नव्हती. माय पुरणाचे कानोले उकडत होती. घरभर गूळ आणि वेलदोड्याचा वास. मी वारुळाला न्यायच्या लाह्या-फुटाण्याचं ताट मांडत होते, नवं लुगडं नेसलेली, मेडशीकरांच्या विचारात. न्हाणीत पाण्याचा आवाज आला म्हणून सहज वळून बघितलं. दादा कुडत्यासकट दगडावर बसला होता, अंगावर तांब्या ओतत होता, आणि एक हात मागे वळवून ओल्या कापडावरून स्वतःची पाठ घासत होता. सारखा. तिथे काही नव्हतं. फळ्यांवरच्या कापडाचा डाग पडत नाही, म्हणून तर त्याला कळत नव्हतं की किती घासलं म्हणजे निघेल.

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. न्हाणीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "दादा, सांगून टाक वस्तादाले."

त्याने मान वर केली. "अन् मेडशी?"

"मेडशी गेली उडत," मी म्हटलं आणि तिथेच रडायला लागले, कारण मेडशी उडत जावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

आखाड्यात बायका जात नसत. वारूळ पूजून आम्ही पोरीबाळी देवळाच्या ओट्याशी उभ्या राहिलो, तिथून लिंबाखालचं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. बाबा पुढे, मेडशीचे तिघे त्यांच्या शेजारी. ढोलकी थांबली. वस्तादांनी मातीचं घमेलं दादापुढे सरकवलं. दादाने कुडतं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं, पण मातीत हात घातला नाही.

"उस्ताद," तो म्हणाला, "तिकडं म्या तुमचं नाव घेऊन पडलो. मुद्दाम. सांगितलं तवा पडलो. पहिली ओंजळ माह्या हातानं नोको."

कोणाला आधी समजलंच नाही. मग एकजण हसला. कोणीतरी म्हणालं, "म्हनजे राजपुत्र सोंगच होता का रे?" बाबांनी मान खाली घातली ती घातलीच.

"तठी कोनी ओयखे का मले?" वस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मंग माहं काय गेलं?"

"माहं गेलं, उस्ताद."

आणि दादा घमेल्यावरून पलीकडे गेला, आदल्या दिवशी कुदळलेल्या नव्या मातीत मधोमध उभा राहिला, मोठ्याने म्हणाला, "कासम वस्तादाचा," आणि स्वतःच उताणा पडला. दोन्ही हात पसरून. ढोलकी नाही, शड्डू नाही. पहिली ओंजळ पडायच्या आधीच तो मातीत गेला होता, तरी त्याला कोणी अडवलं नाही; पोरं कुजबुजायची थांबली. वस्ताद हळूहळू पुढे गेले, जमिनीवर हात टेकत त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. ते गुडघे वाकताना त्यांचं तोंड कसं झालं ते मला इतक्या लांबून दिसलं. जिंकणारा पैलवान ठेवतो तसा त्यांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि दाबला.

"झाली कुस्ती," ते म्हणाले. "हारला तू. आता ऊठ."

मेडशीचा निरोप आठ दिवसांत आला, आणि तो काय असेल हे आम्हाला माहीतच होतं. गावात पुढे दोन-तीन वर्षं दादाला लोक राजपुत्र म्हणून हाक मारत; तो ओ देत असे. बाबांनी भिंतीवरचा कागद ओरबाडून काढला, पण खळ चांगली शिजली होती, पिसाच्या फेट्याचा तुकडा शेवटपर्यंत भिंतीला राहिला. दादा त्याच आखाड्यात पुढे पोरांना शिकवू लागला. माझं लग्न आणखी दोन वर्षांनी धनजला झालं, भाजीवाल्याच्याच घरी, ज्याला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. मला मेडशीच्या त्या मुलाचं तोंड कधी बघायला मिळालं नाही, याची चुटपुट पुष्कळ दिवस होती. ती नव्हती असं म्हणून मी थोर होऊ इच्छित नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. बाबा मळ्याच्या टोकाला जाऊन बसले होते, माय चुलीपुढून हलत नव्हती. दादा आला आणि उघड्या अंगाने न्हाणीतल्या दगडावर बसला. मी घंगाळ घेऊन गेले. त्याने पाठ माझ्याकडे केली. दोन्ही फऱ्यांवर माती होती. हळदीने पिवळसर झालेली, तेलाने चिकट, दाबून बसलेली. मी पाणी ओतलं आणि तळहाताने चोळू लागले. ती वेळ घेऊन निघाली, पण सगळी निघाली.

मी हाक मारली नव्हती. तरी माय गिलास घेऊन न्हाणीच्या दारात आली. डोळे लाल झालेले. तिने गिलास दादाच्या हातात दिला आणि आत गेली. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि वळून माझ्यापुढे केला.

"पे," तो म्हणाला. "तुहं हाये."

त्यावर जाड साय होती. दूध इतकं गरम होतं की जीभ भाजली, पण मी गिलास खाली ठेवला नाही.